आईच्या गावचं मांजर

मोबाइलवर आईचा चेहरा दिसला की हा बाबा चक्क जमिनीवर आडवा व्हायचा. अंगात ग्रीसने माखलेली डांगरी, खाली सिमेंटची फरशी, पण नाही! फोन टूलबॉक्सला टेकवायचा आणि पालथं पडून साष्टांग नमस्कार. नायजेरियातल्या योरुबा लोकांची ही रीत. आई 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचं नाही.

आखातातल्या अस्करच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही एकाच शिफ्टला होतो. तो क्रेन चालवायचा, मी स्टोअर सांभाळायचो. "नो वहाला, ब्रदर," हे त्याचं पालुपद, म्हणजे काही बिघडत नाही. क्रेन बंद पडली, नो वहाला. रजा नामंजूर झाली, नो वहाला. मीच वैतागायचो, "अरे, कधीतरी चिडून बघ!"

स्टोअरमागे एक मरतुकडं मांजर यायचं. मला मांजरं बघवत नाहीत. हा मात्र डब्यातला मासा काढून त्याच्या गावच्या बोलीत हाक मारायचा, "ओलोगिन्नी!" त्याच्या खोलीतले सगळे योरुबाच, पण शहरातले. ते मांजराला ओलोग्बो म्हणायचे, एक जण मुसू म्हणायचा, आणि सगळे मिळून याला खेडवळ म्हणून चिडवायचे.

"आमचा सावंतवाडीचा फोरमन माजर म्हणतो, म्हणून काय मांजर बदलतं?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "यांच्यात राहून माझी बोलीच बदलली, ब्रदर. आईच्या गावचं थोडंच उरलंय तोंडात."

मग आईला विसर पडू लागला. आधी शेजारी विसरली, मग सुना. एके दिवशी हा फरशीवर पडलेला असताना तिने थोरल्या मुलाला विचारलं, "हा परका माणूस कोण? माझा मुलगा असं शहरातलं बोलत नाही." हे मला त्यानेच सांगितलं.

त्यानंतर मी त्याच्या तोंडून नो वहाला ऐकलं नाही. बदली माणूस नाही म्हणून रजा मिळेना. जेवणाच्या सुट्टीत तो भावाला फोन लावून गावचे शब्द विचारायचा आणि पुटपुटत पाठ करायचा. एवढा थोराड माणूस! माझी मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते, तीही तेव्हा फार आठवायची.

रजा मंजूर झाली ती आई गेल्यावर. तो गेला तो परत आलाच नाही. क्रेनवर आता दुसरा आहे. तुम्ही म्हणाल, विसरा आता. पण मायलेकांचा तो शेवटचा फोन माझ्यासमोर झाला, तो कसा विसरू?

तो आडवा झाला. मांजर स्क्रीनपुढे धरलं आणि म्हणाला, "ओलोगिन्नी!" म्हातारी खुदकन हसली हो! "ओलोगिन्नी, ओलोगिन्नी," करत बोट नाचवू लागली, मांजराशी भरभरून बोलली. याचा चेहरा असा उजळला! मग त्याने हळूच स्वतःचं नाव सांगितलं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मांजर शोधू लागली. भावाने फोन बंद केला.

मांजर निघून गेलं. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. तो तसाच पालथा.

"यल्ला, ऊठ रे," मी म्हटलं.

त्याने फरशीवरच मान हलवली.

"ती म्हणाली नाही."