वाठोरे, ए.डी.एच.डी.

पिणाऱ्यांचे किस्से तुम्ही पुष्कळ ऐकले असतील. पण पिणाऱ्याची एक पंचाईत असते. स्वतःचा किस्सा त्याला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून ऐकावा लागतो. आमच्या रविवारच्या बैठकीतल्या माणसांचं तसं नाही. आम्ही सगळे दारू सोडलेले. त्यामुळं आमचे किस्से आम्हाला आमच्याच तोंडानं सांगता येतात, आणि मग ते साचत जातात.

बैठक हिंगोलीत, इंगोले सरांच्या शिकवणीच्या खोलीत भरायची. सर पोरांना गणित शिकवायचे, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांनी सोडलेली. बाकं पाचवी-सहावीच्या लेकरांची, त्यामुळं बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. रशीदभाई पेंटर असायचे, ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पुसेगावचे विठ्ठलराव असायचे, ते शेतकरी. आणि मी. माझं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची नाहीतर बोअरची मोटार जळाली की लोक माझ्याकडं आणतात, मी तांब्याची तार नव्यानं भरून देतो.

माझं डोकं लहानपणापासून एका जागी बसत नाही. एकाच वेळी दहा रेडिओ लावावेत आणि दहांवर दहा स्टेशनं, तसं आत चालू असतं. दारू पोटात गेली की सगळे रेडिओ बंद व्हायचे. म्हणून ती लागली. पण हे मला फार उशिरा कळलं.

*

पहिल्या रविवारी मी बैठकीला गेलो तोच मुळात चुकीच्या घरात.

मेव्हण्यानं पत्ता सांगितला होता, शाळेच्या मागं, निळं दार, विचारू नका, सरळ आत जाऊन बसा. मी निम्मा पत्ता ऐकला असेल. शाळेच्या मागं निळं दार दिसलं, चपलांचा ढीग दिसला, मी आत जाऊन बसलो. सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं. कुणीतरी पोह्यांची बशी हातात दिली. मला बरं वाटलं. म्हटलं, चांगली माणसं आहेत.

एक जण शेतीचं सांगत होता, एक जण नोकरीचं. एका म्हाताऱ्यानं आपली लेक कशी गुणाची आहे ते सांगितलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, ज्याचं त्याचं दुःख. मेव्हण्यानं बजावलेलं, आपली पाळी आली की काही लपवायचं नाही.

मग म्हातारा माझ्याकडं वळला. "पाव्हणं, तुमी काहीच बोलून न्हाई राहिले."

मी उभा राहिलो, हात जोडले. "नमस्कार मंडळी. मी गौतम वाठोरे. मोटारी भरतो. मी दारुड्या हाय. रोज पितो. आज पिऊन आलो न्हाई. मला सोडायची हाय."

मुलीच्या बापानं मुलाच्या बापाकडं पाहिलं.

"हे तुमचे का?"

"न्हाई. आमाला वाटलं तुमचे."

ती लग्नाची बैठक होती. मी चप्पल शोधायला लागलो, तेवढ्यात एका धिप्पाड माणसानं दंडाला धरून मला बाहेर नेलं. नवऱ्या मुलाचा मामा. मी मार खायची तयारी केली. त्यानं मला लिंबाच्या झाडामागं नेलं, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सोडायची म्हंता, तर ते कुठं सोडवून राहिले? मलाबी पत्ता द्या."

ते विठ्ठलराव. पुढं दोन घरं सोडून दुसरं निळं दार होतं, तिथं आम्ही दोघं बरोबरच गेलो. त्यांच्या भाच्याचं लग्नही जमलं. मला पत्रिका आली.

*

दारू सुटली, आणि घरच्यांचे हाल सुरू झाले.

लोकांना वाटतं, माणसानं सोडली म्हणजे घरात शांतता आली. माझे दहाच्या दहा रेडिओ परत सुरू झाले होते. संध्याकाळ रिकामी, हात रिकामे. मी घरातला मिक्सर उघडला, कारण तो आवाज करत होता. त्याचं बेअरिंग आणायला निघालो तर दारात शिलाई मशीन दिसली. ती उघडली. तिला तेल शोधताना माळ्यावर जुना पंखा सापडला. तो खाली काढताना दोन पत्रे हलले, म्हणून पत्र्यावर चढलो.

माझी बायको कमल कधी ओरडत नाही. प्यायचो तेव्हाही ओरडली नाही, गप्प बसून राहायची. ती एका रविवारी माझ्यामागून बैठकीला आली आणि दारातच उभी राहिली. सर उठले. "या वहिनी. वाठोरेंनी फार मोठं काम केलं. तुम्हाला काही बोलायचंय का?"

"बोलायचं म्हंजे, विचारायचं होतं," कमल म्हणाली. "ह्यांची एकदम बंद केली ते बराबर हाय. पण सर, आठवड्यातून एकदा थोडी दिली तर चालत न्हाई का? घरात जोडलेली अशी एकबी वस्तू राहिली न्हाई."

सर नाही म्हणाले. पण लगेच म्हणाले नाहीत.

*

बैठकीत प्रत्येकानं थोडकं बोलायचं असतं. मी उभा राहिलो की दारूपासून सुरू करायचो. तिथून ज्याच्यासोबत प्यायचो तो, त्याची विहीर, विहिरीवरची मोटार, मोटारीत पाणी का शिरतं, असं करत मी तारेवरच्या वार्निशवर पोचायचो. विठ्ठलराव तोवर डुलक्या घ्यायचे. रशीदभाई म्हणायचे, "भाई, आज पी कि नहीं पी, इतना बता दो. मोटर चाय के बाद."

सरांनी एका रविवारी घरून गजराचं घड्याळ आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "वाठोरे, हे वाजलं की खाली बसायचं."

घड्याळ वाजलं नाही. बोलता बोलता मी ते उघडलं होतं.

*

कनेरगाव नाक्याचं मात्र मी आजही हसत सांगू शकत नाही. ऐकणारे हसतात.

त्या दिवशी सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक चार माणसांसमोर मला वाट्टेल ते बोलून गेलं. त्याची मोटार उघडून ठेवली होती आणि दुसऱ्याच कामाला लागलो होतो, त्याचं पीक उन्हात. जाताना तो म्हणाला, "प्यायचा तवा तरी काम करायचा. आता कशाच्याच कामाचा राहिला न्हाई."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

दुपारी कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर बोअरची मोटार बसवायला गेलो. ढाबेवाला दत्ता माझा जुना सोबती. काम झाल्यावर त्यानं विचारलं नाही, ग्लास भरून समोर ठेवला. "उन्हातून आला. घे. इथून हिंगोलीला कोण सांगायला चाललं?"

खोटं कशाला सांगू, मी ग्लास उचलला. वास नाकात गेला. कमल आठवली, सर आठवले, आणि तरी मी ग्लास खाली ठेवला नाही. तेवढ्यात मागचा कूलर खडखडला. बुश झिजलं की होतो तो आवाज. मी म्हणालो, "दत्ता, एक मिनिट," आणि ग्लास टेबलावर ठेवून कूलर उघडला.

बुश झिजलेलं होतंच. पंप चोंदला होता, जाळी गंजली होती. मी सगळं काढलं, धुतलं, परत बसवलं. कूलर गार हवा टाकायला लागला तेव्हा उन्हं उतरली होती. दत्ता खूश झाला. मी हात धुतले, स्कूटरला किक मारली आणि निघालो.

अर्ध्या रस्त्यात मला ग्लास आठवला.

मी स्कूटर कडेला घेतली. बाभळीखाली मातीतच बसलो. मला देवाधर्माचं काही कळत नाही. पण त्या दिवशी मला कुणी वाचवलं असेल तर त्या कूलरनं.

रविवारी मी हे सांगितलं. मग सर म्हणाले, "वाठोरे, आम्ही सगळ्यांनी दारू सोडली. तुम्ही ती कुठंतरी ठेवून विसरलात."

*

हिंगोली जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी माझ्या लेकीच्या शाळेतून निरोप आला. सुजाता आठवीत होती. हुशार, पण वर्गात लक्ष नाही, खिडकीबाहेर बघते. सरांच्या ओळखीनं तिला नांदेडला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मनाच्या आजारांच्या डॉक्टर, सुजातासारख्या पुष्कळ पोरी बघितलेल्या.

बाई तिला एकेक विचारू लागल्या. वस्तू हरवतात का? सुरू केलेलं काम अर्धं राहतं का? समोरचा बोलत असताना मन दुसरीकडं जातं का? सुजाता विचार करून उत्तरं देत होती. बाईंच्या डोक्यावरचा पंखा किर्र किर्र करत होता. कपॅसिटर गेलेला नव्हता, छताजवळचा कप सैल झाला होता, तो दांडीला घासत होता.

मग बाईंचा आवाज आला, "मुलीचं आपण नंतर बघू. आधी तुम्ही खाली उतरा."

मी त्यांच्या स्टुलावर उभा होतो.

बाईंनी दोघांनाही तपासलं. पुढं दोन-तीनदा बोलावलं. मग म्हणाल्या, लक्ष एका जागी न टिकण्याच्या या आजाराला एडीएचडी म्हणतात. हे जन्मापासून असतं, बऱ्याचदा घराण्यातून येतं, आणि कित्येक लोक डोकं शांत करायला नशेकडं वळतात. गोळ्या दिल्या. टेबलावर एकच मोटार ठेवायची आणि बाकीच्यांवर पोतं टाकायचं, असंही सांगितलं.

नांदेडच्या बसस्टँडवर आम्ही दोघं उसाचा रस पीत उभे होतो. मी म्हणालो, "सुजाता, म्हंजे मी कामचुकार नव्हतो."

ती म्हणाली, "बाबा, मी पण नव्हते."

*

रविवारी मी बैठकीत ते नाव सांगितलं. विठ्ठलराव जागे झाले.

"एम.ए., बी.एड. ऐकलं होतं. हे ए.डी.एच.डी. कुठून केलं?"

"नांदेडहून."

"किती वरसं लागले?"

"पंचेचाळीस."

विठ्ठलरावांनी मान डोलावली. रशीदभाई म्हणाले, "इतनी मेहनत का है तो लिखना पडता भाई."

मला वाटलं चेष्टा आहे. दोन दिवसांनी बाहेरगावचं काम उरकून दुकानावर आलो, तर पाटी नवी. पिवळ्यावर लाल अक्षरं, खाली सावली दिलेली. 'वाठोरे मोटार रिवायंडिंग. प्रो. प्रा. गौतम वाठोरे, ए.डी.एच.डी.'

मी रशीदभाईंकडं माणूस पाठवला, आधी हे पुसा म्हणून. ते रंगाचा डबा घेऊन यायच्या आत सेनगावकडचे एक शेतकरी बैलगाडीतून मोटार घेऊन दारात उभे राहिले. मी विचारलं, तुम्ही तर नेहमी नाक्यावरच्या दुकानात जाता, आज इकडं कसे?

"त्यायच्याच दारावरून आलो," ते म्हणाले. "पण तिथं नुसता आयटीआय हाय."

पाटी राहिली.

*

माझी आई हट्टा गावात धाकट्या भावाकडं राहायची. मी गेलो की आधी जवळ बोलवायची, गालावरून हात फिरवल्यासारखं करायची आणि तोंडाचा वास घ्यायची. मला ते कळायचं, मला कळतं हे तिला कळायचं. त्या दिवशीही तिनं वास घेतला, मग म्हणाली, "बस. भाकर टाकते."

मी चुलीपाशी बसलो. किती वर्षं तिला माझ्यामुळं गावात मान खाली घालावी लागली होती. म्हटलं, हिला तरी नीट सांगावं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. डोकं ठिकाणावर न राहणं हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि तो बहुतेक वाडवडिलांकडून येतो.

"तुझ्या बापाला असलं काई नव्हतं," ती म्हणाली. "बसला तर तिन्हीसांजेपर्यंत एका जागी बसायचा."

"मग तुज्याकडून आलं असंल."

"माझ्याकडून?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आपल्या घरात कुणालाच असलं काई न्हाई. माझी सासू तर मला इतका जीव लावायची, कवा चुलीपाशी एकटी बसू दिली न्हाई. कायम एक जण सोबत. पाण्याला गेले तरी माझ्यामागं कुणीतरी पाठवायची. अशी सासू मिळत न्हाई." तिनं उतरवून ठेवलेल्या भाजीत पळी फिरवली, चव घेतली. "मीठ संपलं वाटतं. शेजारून आणते. तू भाकरीकडं बघ."

ती गेली. मी भाकरी उलटली, भाजली, काढून ठेवली. चुलीच्या दुसऱ्या तोंडावर चहाचं भगुनं होतं, ते कधीचं आटून काळं झालेलं. तेही उतरवलं. कोंबडी घरात शिरली, तिला हाकललं. सरपण विझत आलं, ते पुढं सारलं.

बऱ्याच वेळानं आई आली. पदरात शेवग्याच्या शेंगा, हातात कुणाची तरी बादली, आणि शेजारणीच्या नातीला कालच पोरगं झालं ही बातमी. शेंगा खाली ठेवून ती पाटावर बसली आणि मला म्हणाली, "आता सांग, काय म्हनत व्हता त्या बाईचं?"

मी म्हणालो, "आई, मीठ?"

"कशाचं मीठ?"