शीट चार बोटं खाली

सायकलवर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नसत. बारावी झालेल्या माणसानं ही गोष्ट सांगायची नसते, पण खरी आहे. सायकल आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि ते माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच. चौदा वर्षं त्यांनी त्या सायकलवर आमच्या वस्तीचं दूध अकरा किलोमीटरवरच्या सहकारी डेअरीच्या केंद्रावर नेऊन घातलं. मग त्यांचा मणका सरकला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सायकल कायमची बंद म्हणून सांगितलं. आण्णांनी ते नुसतं ऐकून घेतलं.

"एक पावसाळा जाऊ द्या, मंग बसतोच की," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी एकदा विचारलं, शीट जरा खाली घेऊ का? तर केवढ्यानं डाफरले! "कावून? माझी हाय ती. तू चार महिने चालीव फकस्त."

चार महिने गेले. पावसाळा आला तसा गेला, आभाळानं नुसतं तोंड दाखवलं. दुसऱ्या वर्षी तर विहिरींचे तळ दिसले आणि वस्तीतली निम्मी जनावरं सरकारी चारा-छावणीत गेली. शेतात काम नाही, घरात येणारं काही असलं तर ते दुधाच्या वाटेचं, म्हणजे वस्तीचं दूध नेऊन घालण्याच्या मजुरीचंच. ती वाट सोडायची सोय नव्हती. आठ दिवस दूध आलं नाही की डेअरी वाट दुसऱ्याला देत असे, आणि दुसरा तर लूना घेऊन तयारच होता, डेअरीच्या चेअरमनचा भाचा.

मला डीएड करायचं होतं. पहिल्या वर्षी फॉर्मची तारीख मी दूध घालत असतानाच निघून गेली. दुसऱ्या वर्षीचा फॉर्म मी केजहून आणून ट्रंकेत, मायच्या लुगड्यांखाली ठेवला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडं त्या साली दोन्ही कोरडी होती.

पाय मरायला, म्हणजे बधिर व्हायला लागला तो चैतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकड्याला दुधाचा एकेक कॅन लटकायचा. लोकांना वाटतं, दूध कमी झालं म्हणजे ओझं कमी, मग बरंच की. चालवून बघा म्हणावं. भरलेला कॅन गप बसतो. अर्धा कॅन हिंदकळतो, आणि तो डावीकडं हिंदकळला की सायकल उजवीकडं ओढायची, उजवीकडं हिंदकळला की डावीकडं. मग शीट मांड्यांनी घट्ट आवळून धरायची. उभं राहून पायडल मारायची सोय नाही, कॅन लगेच डुलायला लागतात. आणि वाटेत उतरलं तर परत चढता येत नाही, कारण पाय पोचत नाहीत. अख्ख्या वाटेत चढण्या-उतरण्याच्या जागा तीन: आमचा ओटा, मधल्या पुलाचा कठडा आणि डेअरीचा ओटा. बाकी सगळा रस्ता मी त्या शीटवर खिळलेला.

पूल ओलांडला की उजव्या मांडीत मुंग्या सुरू व्हायच्या. मैलभरात त्या पोटरीला पोचायच्या, आणि डेअरीची चिमणीएवढी पाटी दिसेपर्यंत पाय माझा राहायचाच नाही. पायडलवर चप्पल दिसायची, चपलेत पाय दिसायचा, फिरायचासुद्धा; पण तो मी फिरवतोय असं वाटायचं नाही. मी मांडीवर बुक्क्या मारल्या. चिमटे काढले. एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणत गेलो. शीटला गोणपाट गुंडाळलं, तर उंची आणखी बोटभर वाढली. माय रोज एरंडेल चोळायची आणि म्हणायची, "वात हाय. थंड पाणी पिऊ नको." थंड पाणी! टँकरचं पाणी पिपात तापून चहाला आधण ठेवावं असं झालेलं असायचं.

आण्णांना मात्र आम्ही दोघांनी कळू दिलं नाही. त्यांना कळलं तर मोडका मणका घेऊन ते स्वतः निघतील, ही मायला भीती. मला आधी भीती होती ती वाट जाण्याची. नंतर नंतर, आता सांगायला हरकत नाही, मला त्या मेलेल्या पायाचा आधार वाटायला लागला. आजारी माणसाला कोण काय म्हणणार? पाय असाच मरत राहिला तर वाट आपोआप जाईल, आणि मी सोडली असं कुणी म्हणणार नाही. पुलापासून पुढं मी मुंग्यांची वाट बघायला लागलो होतो.

फॉर्मची तारीख बारा दिवसांवर आली तेव्हा मी पडलो. डेअरीच्या ओट्याला सायकल लावली, उजवा पाय ओट्यावर ठेवला, आणि पाय नव्हताच तिथं. सायकल, मी आणि दोन्ही कॅन एकदमच खाली आलो. एका कॅनचं झाकण निघालं. जमीन इतकी तापलेली, इतकी कोरडी, की दूध पसरलंसुद्धा नाही. जागच्या जागी आत गेलं. डेअरीचे सेक्रेटरी मापाचं भांडं हातात घेऊनच पुढं आले.

"काय बे, पिऊन आलास का?"

"पाय मेला."

"मंग आण्णाला सांग. चांगला गडी पाठवा म्हणावं, न्हाईतर वाट दुसऱ्याला देतो. लोकाचं दूध हाय हे."

मला लाज वाटली. वस्तीतल्या आठ घरांनी छावणीतून, बांधावरून काडी-काडी चारा जमवून काढलेलं दूध होतं ते. पण लाजेच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते हलकं होतं. परतीच्या वाटेवर रिकामे कॅन खडखडत होते आणि मी मनात फॉर्म भरत होतो.

घरी आलो तो लंगडतच. खरं तर पाय केव्हाच जागा झाला होता. आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, आणि वर चार गोष्टी पदरच्या घातल्या: पाय आता दिवसभर बधिर असतो, रात्री ठणकतो, हे काही बरं व्हायचं लक्षण दिसत नाही.

आण्णांनी मला एकच विचारलं. "कुठून मरतो?"

मी मांडी दाखवली. ते उठले. पाना आणि रॉकेलची बाटली घेऊन सायकलपाशी जाऊन बसले. माय ओरडली, "कंबर मोडंल तुमची!" त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत न हललेला नट तो. रॉकेल सोडलं, पान्यावर दगड घातला, थांबले, परत घातला. कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता. मी करतो म्हणालो तर हातानंच गप केलं.

"शीटचं नाक वर हाय. मीच केलतं, उतारावर पुढं घसरू ने म्हणून," ते नटाकडं बघतच बोलले. "मलाबी यायच्या मुंग्या. पर माझा पाय टेकायचा. पुलावानी जागा लागायची न्हाई मला."

नट सुटला. त्यांनी शीट हलवत हलवत चार बोटं खाली आणली, शीटखालचा दुसरा नट ढिला करून नाक जमिनीला समांतर केलं, आणि दोन्ही नट परत इतके आवळले की पाना हातातून निसटला.

"बस."

मी बसलो. दोन्ही पाय जमिनीवर. टाचांसकट.

"टेकलं?"

"टेकलं."

आण्णांनी शीटवरून एकदा हात फिरवला, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा. "आता मला न्हाई जमायचं हिच्यावर बसाया. गुडघे हँडलला लागतील," ते म्हणाले. "तुझी झाली."

आणि हसले. मणका सरकल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, लेकराचं दुखणं काढलं. ओठावर आलेलं फॉर्मचं बोलणं मी गिळलं. पाय दिवसभर बधिर असतो असं मीच सांगितलं होतं, आता तो कशानं बधिर राहणार होता?

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडल्यावर मी मुंग्यांची वाट बघितली. आल्या नाहीत. डेअरीच्या अलीकडं उगाच दोनदा उतरलो, उतरता येतं का बघायला. येत होतं. चढताही येत होतं. खोटं उघडं पडू नये म्हणून घरी दोन दिवस लंगडलो, तिसऱ्या दिवशी लंगडायचं विसरलो. फॉर्मची तारीख गेली त्या दिवशीही दूध वेळेवर पोचलं.

त्या सायकलवर मी पुढं सहा वर्षं दूध घातलं. पाय एकदाही बधिर झाला नाही.