राणीच्या कपाळावरची हळद

जुन्या नोटांच्या बाबतीत मी अतिशय खडूस माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या नोटांना कुणी हात लावलेला मला खपत नाही. पाहुण्यांसमोर मी हौसेनं अल्बम काढतो, पण पानं मीच उलटतो. बायको म्हणते, ‘मग दाखवायचंच कशाला?’ तिला किती वेळा सांगितलं, की नोट नुसती जुनी असून भागत नाही, ती कोरी असावी लागते. एक घडी पडली, कोपरा दुमडला, कुणी प्रेमानं पुसली किंवा इस्त्री फिरवली, की तिची किंमत घसरते ती कायमचीच. धुतलेली नोट तर जाणकार माणूस उजेडात जरा तिरकी धरून लगेच ओळखतो.

हा नाद मला टोरांटोत लागला. अमेरिकेत येण्याआधी मी तिथे नोकरीला होतो आणि हिवाळ्यात रविवार कसा घालवावा हे कळत नव्हतं, म्हणून नोटा-नाण्यांच्या प्रदर्शनांत फिरायचो. पुढे शिकागोजवळ शॉमबर्गला आलो, पण कॅनडाच्या नोटा काही सुटल्या नाहीत. त्यातल्या १९५४च्या नोटांवर तर माझा विशेष जीव. त्यांच्यावर इंग्लंडच्या तरुण राणीचं चित्र आहे, डोक्यावर मुकुट नाही, कपाळ मोकळं. तिच्या कानामागच्या केसांत नीट पाहिलं, तर दात विचकणारा सैतान दिसतो. कुणी मुद्दाम काढलेला नव्हे, उजेड-सावलीचा खेळ. पण लोकांनी ओरड केली आणि सरकारनं केस काळे करून नोटा नव्यानं छापल्या. त्यामुळे सैतानवाल्या नोटांना संग्राहकांत मोठा मान. त्यात क्रमांकाच्या आधी बारीकशी चांदणी असेल, म्हणजे छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी ती घातलेली असेल, तर विचारूच नका.

२००५च्या दिवाळीत तशी एक नोट माझ्या घरी होती, पण ती माझी नव्हती.

आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. मूळच्या विनिपेगच्या, आयुष्य सगळं शिकागोच्या आसपास गेलेलं. त्यांचा नवरा त्या वर्षी वारला. मी एकदा लाँड्री रूममध्ये ड्रायर थांबायची वाट बघत नोटांचा कॅटलॉग वाचत बसलो होतो, तो त्यांनी पाहिला आणि विचारलं, ‘तुला यातलं कळतं?’ त्यांच्या नवऱ्यानं जन्मभर कॅनडाच्या नोटा जमवल्या होत्या. आता त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या आणि अल्बम विकायचा होता. शनिवारी एक डीलर येणार होता. ‘तो मला फसवणार नाही एवढं बघ,’ असं म्हणून त्यांनी अल्बम माझ्या हातात दिला. सोबत नवऱ्याचे पांढरे सुती हातमोजेही दिले. घरी येऊन मी पानं उलटू लागलो आणि मध्यावर ती दिसली. निळी, पाच डॉलरची, सैतानवाली, चांदणीवाली आणि अगदी कोरी. माझ्या उभ्या आयुष्यात मी तशी नोट फक्त चित्रात पाहिली होती.

त्या दिवाळीला माझी आई आमच्याकडे होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिनं कुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. स्वतःला लावणं सोडाच, देवाच्या फोटोलाही लावायची नाही. घरात हळदीकुंकू असलं की काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत बसायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिनं ते आपणहून अंगावर घेतलं होतं आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. ‘माझ्या हातानं नको रे, चांगल्या कामाला,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. ज्या बाईनं आम्हाला वाढवलं, तिचा हात कशानं वाईट झाला?

म्हणून मी आणि बायकोनं ठरवलं, की या वर्षी लक्ष्मीपूजन आईनंच करायचं. ती आठवडाभर नाही म्हणत होती. बायको म्हणाली, ‘आई, मला खरंच काही येत नाही. तुम्ही नाही केलंत तर आमच्याकडे यंदा पूजाच होणार नाही.’ ते खोटं होतं, पण लागू पडलं. आई म्हणाली, ‘बघते.’ आमच्या घरात ‘बघते’ म्हणजे हो.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो. डीलरला काय काय विचारायचं ते ठरवायला ती नोट तेवढी अल्बममधून काढली आणि तिच्या पारदर्शक पाकिटासकट जेवणाच्या टेबलावर ठेवली. शेजारी भिंग. मग पूजेआधी अंघोळ करावी म्हणून गेलो.

बाहेर आलो तर हॉलमध्ये आईनं थाट मांडलेला. चौरंग नव्हता म्हणून उलटी टोपली आणि तिच्यावर बायकोची रेशमी ओढणी. लक्ष्मीचा फोटो, शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेल्या लाह्या-बत्तासे, बायकोच्या बांगड्या, आमची डॉलरची पुडकी. केरसुणी मिळाली नव्हती, तर आईनं दुकानातला नवा प्लास्टिकचा झाडू ठेवला होता आणि त्यालाही हळदीकुंकू लावलं होतं. तिच्या बोटाला कुंकू पाहून मी आनंदानं तिथेच थबकलो. तेवढ्यात मला ती निळी नोट दिसली.

पाकीट बाजूला पडलं होतं. नोट उघडी, ओढणीवर. आणि आईनं फोटोला लावतात तसं बोट ओलं करून राणीच्या कपाळावर हळद टेकवली होती. आता तिचं दुसरं बोट कुंकवात बुडालेलं, नोटेकडे निघालेलं.

‘आई!’

मी इतक्या जोरात ओरडलो, की स्वयंपाकघरातून बायको धावत आली. आईचा हात हवेतच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

‘तुझी सगळ्यांत लाडकी नोट, म्हणून घेतली,’ ती म्हणाली. ‘प्लास्टिकवरून देवीला काय पोचणार? आणि बाईचं कपाळ असं ओकंबोकं...’

मी नोट कडांना धरून उचलली. हळद कागदात मुरली होती. बोटाएवढा पिवळाधमक डाग, सैतानाच्या शेजारीच. माझा चेहरा काय झाला असेल ते मला माहीत आहे. आईनं बोटाचं कुंकू पदराला पुसलं, करंड्याचं झाकण लावलं आणि सावकाश उठली.

‘म्हणूनच नको म्हणत होते मी,’ एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली.

पुढची पूजा बायकोनं उरकली. मी समोर बसून होतो, आरतीला तोंड हलवत होतो, पण माझं लक्ष त्या खोलीच्या दाराकडे होतं.

नंतर आम्ही दोघं नोटेवर वाकलो. ‘उन्हात ठेवू,’ बायको म्हणाली. ‘हळदीचे डाग उन्हानं उडतात. आमच्याकडे पोरांची झबली अशीच साफ करायचे.’

‘झबलं आहे का हे? शाई उडेल सगळी.’

‘मग थोडा साबण?’

‘साबणानं लाल होईल! आणि साफ झालंच समजा, तर तो डीलर एका नजरेत ओळखेल आणि त्या बाईला वाटेल की मी लपवलं. यार, तू प्लीज काही सुचवू नकोस.’

‘ओरडू नकोस माझ्यावर. आज एक ओरडणं पुरे झालं.’

ती बरोबर बोलत होती, त्यामुळे मी आणखीनच चिडलो. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजूंनी घेरल्यासारखं झालं होतं. खाली एका बाईनं विश्वासानं दिलेली वस्तू नासली होती आणि ते तिला सांगणं भाग होतं. पण सांगितलं आणि आईच्या कानावर गेलं, की तिच्या मनातली ती भीती पक्की होणार होती. तीन वर्षांनी एकदा हात पुढे केला आणि पाहा काय झालं. पुन्हा तो हात कधीच पुढे येणार नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. बायकोनं मला ओवाळलं, पण आई बाहेर आली नाही. पोटात गॅस झालाय म्हणाली. दुपारी माझ्याजवळ येऊन विचारलं, ‘फार नुकसान झालं का रे?’

‘छे गं. निघेल ते.’

‘हळद?’ तिनं फक्त एवढंच विचारलं. हळद निघत नाही हे तिला मी सांगणार होतो का? करंडा तिनं देव्हाऱ्यातून उचलून बायकोच्या कपाटात ठेवून दिला होता, सगळ्यांत वरच्या फळीवर.

मी ठरवलं, की खालच्या बाईंना एकटं गाठून सांगायचं आणि दोष स्वतःवर घ्यायचा. जेवताना माझ्याच हातून पडली, हळद आमच्या सगळ्या स्वयंपाकात असते, वगैरे. मनात वाक्यं जुळवून ठेवली. पण मी खाली जायच्या आत त्याच वर आल्या. शनिवार सकाळ, डीलर दुपारी यायचा होता, त्यांना अल्बम हवा होता. बायको बाजारात गेली होती. आई सोफ्यावर वाती वळत बसली होती.

मी अल्बम टेबलावर ठेवला आणि ते पान उघडलं. दुसरं काही करताच आलं नाही.

बाई चष्मा लावून वाकल्या. मग सरळ झाल्या आणि थंड आवाजात म्हणाल्या, ‘तुला माहीत होतं ही कोणती नोट आहे. म्हणून मी तुला दिली. हे कोणी केलं?’

‘मी,’ मी म्हणालो. ‘आय ॲम सो सॉरी. जेवताना...’

‘नो,’ मागून आवाज आला.

आईला इंग्रजी कळायचं, पण बोलायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची. ती उभी राहिली. मांडीवरच्या वाती खाली पडल्या. ‘नॉट माय सन. मी. माय हँड.’

‘आई, तू बस.’

‘तू गप्प राहा.’ मग त्यांच्याकडे वळून, शब्द शोधत, ‘फेस्टिव्हल. मनी इज अवर गॉडेस. धिस लेडी... हर फोरहेड, एम्प्टी. सो आय पुट. माय हँड इज नॉट गुड. आय टोल्ड देम.’

माझे कान तापले. मला त्या क्षणी दोघींमधून पळून जावंसं वाटत होतं. बाईंच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, आणि तो त्यांचा हक्क होता. पुढे त्यांनी मला त्या अल्बमला पुन्हा हात लावू दिला नाही, आणि डीलरनं त्या डागाचं निमित्त करून बाकीच्या नोटांचाही भाव पाडला.

पण त्याआधी त्यांनी विचारलं, ‘माय हँड इज नॉट गुड म्हणजे काय?’

मला ते सांगावं लागलं. नवरा गेला की आमच्याकडे काही बायका स्वतःला काय समजू लागतात, ते मी परक्या बाईला इंग्रजीत, आईच्या देखत समजावत होतो. जन्मात मला एवढी लाज वाटली नव्हती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग नोट पाकिटातून बाहेर काढली, मोजे न घालता. माझा हात नकळत पुढे झाला, तो मी मागे घेतला. त्यांनी अंगठा त्या पिवळ्या डागावरून फिरवला, मग राणीच्या चेहऱ्यावरून, मग चांदणीवरून.

‘मी हिला आज पहिल्यांदा हात लावतेय,’ त्या म्हणाल्या. ‘नवरा लावू द्यायचा नाही. कपाटाची धूळ मी पुसायची, पण अल्बम नाही. एकदा लग्न नवीन असताना मी दुसरीच एक नोट उचलली होती, तर माझ्या हातावर मारलं. म्हणाला, तुझा हात लागला की वस्तू बिघडते. मग आयुष्यभर तेच.’

आईनं माझी बाही ओढली. ‘काय म्हणाली? शेवटचं नीट सांग.’

मी मराठीत सांगितलं, शब्द न गाळता.

आई त्या बाईंच्या हाताकडे बघत राहिली. सुरकुतलेला, डाग पडलेला, जवळजवळ तिच्याच वयाचा हात. मग आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हातात करंडा होता.

‘तिला म्हणावं, नुसती हळदच लागलीय,’ आई म्हणाली. ‘कुंकू राहिलंय.’

मी सांगितलं. बाई माझ्याकडे नाही, आईकडे बघत होत्या. त्यांनी नोट टेबलावर पसरून ठेवली.

आईनं बोट कुंकवात बुडवलं. नोट सरकू नये म्हणून मी तिच्या दोन्ही कडा घट्ट धरून ठेवल्या.