भिंतीची चव

माझी सासू ठमाबाई चाळीस वर्षं कोपरीच्या मिठागरात राबली. तिचा माणसांवर भरवसा नव्हता, फक्त स्वतःच्या जिभेवर होता.

एकावन्न साली एका शेटनं आमच्या जमिनीवर चार मजली इमारत बांधायला घेतली. बदल्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळणार होत्या. तीन वर्षांत दोनच मजले उभे राहिले. शेट म्हणायचा, सिमेंटचं परमिट मिळत नाही. सासूचा संशय बांधकामावरच्या पोपट मिस्त्रीवर. "मेला खाडीची खारी रेती वापरतोय. भिंतींना लोणा लागेल, मीठ फुटून पोपडे पडतील!"

रोज दुपारी ती जायची, ओलं बोट नव्या भिंतीवर घासायची आणि चाटायची. भर रस्त्यावर! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोपट मात्र विहिरीच्या पाण्यानं रेती धूत बसलेला असायचा, एकदा नाही, तीनदा.

"चोर नसता तर एवढी धुतली असती का?" सासू मलाच विचारायची.

शेवटी तिनं शेटच्या मागे असा धोशा लावला, की त्यानं पोपटला काढलंच. नवा मिस्त्री आला आणि चार महिन्यांत वरचे दोन्ही मजले झाले. आम्ही पेढे घेऊन आमच्या खोल्या बघायला गेलो. सासूनं सवयीनं भिंतीला बोट लावलं, चाटलं आणि ती पहिल्यांदाच थुंकली.

तिनं पदरानं जीभ पुसली. मग हळूच म्हणाली, "गोदे, तो पोपट राहतो कुठं गं?"