नवाईआधीची कणसं

भाजलेलं कणीस समोर आलं की मला आजही शिसारी येते. कणसाची नव्हे, माझी.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका भिल्ल पाड्यावर मी प्रौढ साक्षरतेचा वर्ग घ्यायचो. दुपारी, शाळेच्या ओट्यावर. शिकणाऱ्यांत पाड्याचा पुजारा होता, सत्तरीचा. त्याला ना सहीची हौस, ना बसची पाटी वाचायची. नवं पीक आधी देवाला द्यायचं, ती नवाई. त्या दिवशी म्हणायचे बोल त्याला बापाकडून मिळाले होते. मुलगा सुरतेला कामाला, घरात शिकून घेणारं कोणी नाही. ते बोल आपल्या हाताने वहीत उतरावेत, एवढ्यासाठी तो बाराखडी घोटत होता. पावसाळाभरात नऊ ओळी झाल्या. वेड्यावाकड्या, पण त्याच्या बोलीतल्या.

भाद्रपदात जिल्ह्याहून साहेब पाहणीला आले. सोबत फलक होता, ‘आदिवासी संस्कृती जपू या’. फोटो झाले आणि साहेबांची नजर शेजारच्या मक्यावर गेली. “गुरुजी, कणसं भाजा की.”

शेत पुजाऱ्याचंच. तो मला हळूच म्हणाला, “मास्तर, नवाई अजून व्हयनी नही.” नवाईआधी पाड्यावर कोणी नवा दाणा तोंडात घालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी साहेबांना तसं सांगितलं. ते हसले. “अहो, ही अंधश्रद्धा घालवायलाच तुमचा वर्ग आहे.”

आणि मीही हसलो, लाचार माणूस. वर्ग चालू ठेवायचा की नाही ते साहेब ठरवणार, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर नाही म्हणायची छाती नव्हती. मीच शेतात शिरलो, कणसं मोडली, भाजली, मीठ-मिरची चोळली. एक स्वतः खाल्लं. साहेब फलकाखाली उभे राहून दात कोरत होते.

गाडी गेल्यावर पुजाऱ्याने विचारलं, “तुमी बी खादं?”

“साहेबांना नाही म्हणवेना, आबा.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. वही काखेत मारून तो शांतपणे म्हणाला, “मंग हाई लिखीसन काय फायदा? वाचनारा बठ्ठा तुमीच शेतस.” वाचणारे सगळे माझ्यासारखेच, असं त्याचं म्हणणं.

तो वर्गाला पुन्हा आला नाही. मी दोनदा घरी गेलो. त्याने चहा पाजला, वहीचा विषय मात्र काढू दिला नाही. दहावी ओळ कधी लिहिली गेली नाही.

पुढे परीक्षा आली. पटावर नाव आहे म्हणजे पेपर हवाच, अशी वरून तंबी होती. त्याचा पेपर मी डाव्या हाताने लिहिला, अक्षर म्हाताऱ्याचं वाटावं म्हणून. शेवटचा प्रश्न होता, आपल्या सणाविषयी दोन ओळी लिहा. मी लिहिलं, ‘आमचा सण नवाई. देवाला दिल्याशिवाय आम्ही नवं पीक खात नाही.’

त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले.