मागच्या वर्षीचं चालणं

त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणतात. एकतीस वर्षं शाळेत मुलांना पळवलं, ओरडून ओरडून आवाज घोगरा झाला, आणि निवृत्तीनंतर हाती आलं ते काम असं की त्यात तोंडच उघडायचं नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये तीस मीटर. स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या एका दुर्मीळ जनुकीय आजाराचे रुग्ण तिथे सहा मिनिटं येरझाऱ्या घालतात, बाई मीटर मोजतात. "शाब्बास" म्हणायची सोय नाही. कौतुकाने आकडा वाढतो.

त्या रुग्णांत त्यांची सोळा वर्षांची भाची आहे. मागच्या वर्षी तीनशे बारा मीटर चालली होती.

दुसऱ्या शहरातलं हॉस्पिटलही याच संशोधनात आहे. एका सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "बाई, आपले आकडे जुळत नाहीत."

"तुमच्याकडे किती मीटरवर वळतात?"

"पंधरा."

"ठरलं होतं तीस."

"हो, पण पुढे कपाटं आहेत ना."

"कपाटं वर्षभर होती आणि मला आज सांगताय?"

"सगळ्यांचं नव्याने मोजू. मागचं वर्ष सोडून द्यावं लागेल."

औषधाविना वर्षभरात चालणं किती घटतं हे कळल्याशिवाय औषधाची चाचणी सुरू होणार नव्हती. म्हणजे आणखी एक वर्ष. आणि मागच्या वर्षीची भाची चालायला आणायची कुठून?

"काही सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकाच माणसाला एकाच दिवशी तीसवर चालवते, मग पंधरावर. जास्तीची वळणं किती मीटर खातात ते कळेल. तेवढे तुमच्या जुन्या आकड्यांत मिळवा."

भाचीने ऐकून घेतलं. "दोनदा? माझे पाय काय भाड्याने घेतलेस, आत्या?"

"मध्ये दोन तास आराम."

"आणि तू दोन्ही वेळा गप्प?"

"नियमच आहे."

"मग चालते. हे बघायला मी तिकीटही काढलं असतं."

तीसवर दोनशे एक्केचाळीस. पंधरावर चौथ्या मिनिटाला तिने भिंत धरली. बाईंच्या ओठांवर एकतीस वर्षांची आरोळी आली होती. त्यांनी कागदावर छापलेलं, नियमात बसणारं वाक्य तेवढं वाचलं, "दोन मिनिटं राहिली." भाचीने भिंत सोडली. दोनशे चौदा.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फरक स्पष्ट आहे. तुमच्या बाकीच्या अकरा जणांचंही असंच आलं, तर मागचं वर्ष वाचेल."

"बोलावते. तुम्ही आधी ती कपाटं हलवा."

"परवानगी लागते, बाई. अर्ज केलाय."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

शिट्टीबाईंनी फोन ठेवला आणि अकरा जणांतल्या पहिल्याचा नंबर लावला.