दोन झेंड्यांच्या मधलं पाणी

आमच्या घरात यांचा शब्द शेवटचा असतो, असं यांना वाटतं आणि आम्हीही ते कधी खोडून काढत नाही. पण लेकीच्या बाबतीत खरंच तसं झालं होतं. ती नर्सिंग शिकून ऑस्ट्रेलियात गेली, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात दवाखान्यात नोकरीला लागली, आणि दोन वर्षांनी फोनवर म्हणाली, "आई, मला इथंच कायमचं राहायचंय. पण आबा हो म्हणाले तरच." आबा म्हणजे तिचे वडील, आमचे हे. यांनी फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "येऊन बघतो, मग सांगतो."

यांचं म्हणणं सरळ होतं. "तिकडं पैसा लय असंल. पण अडीअडचणीला माणूस लागतं. तिथं कोण हाय तिचं?" मला तर मनातून वाटत होतं की यांनी नाहीच म्हणावं. एकुलती एक लेक. ती परत यावी, नाशिकला नाही तर निदान पुण्याला तरी असावी, एवढंच माझं मागणं. पण तिच्या तोंडावर ते सांगायचा मला धीर नव्हता. यांनी नकार दिला की वाईटपणा यांच्याकडे आणि लेक माझ्याकडे, असा माझा साधा बेत होता.

मळ्यातली शेवंती दिरांच्या भरवशावर टाकून आम्ही जानेवारीत निघालो. नाशिकच्या थंडीतले स्वेटर अंगावर, आणि तिकडं उतरलो तर रणरणता उन्हाळा. विमानतळावर यांच्या सदऱ्याच्या खिशातून झेंडूचं बी निघालं. लेकीच्या अंगणात लावायला आणलेलं. तपासणीच्या बाईंनी, बाहेरचं बी इथं चालत नाही म्हणत, हसतमुखाने ते काढून घेतलं आणि कचऱ्यात टाकलं. यांनी तिथंच त्या देशाचे निम्मे मार्क कापले.

गाव मात्र बघत राहावं असं होतं. एक मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला समुद्र. काठाने उंच सरळ झाडांची रांग, झाडांखाली हिरवळ, आणि हिरवळीवर सुट्टीला आलेली माणसं. कुणी चाकांवरचं घर गाडीला जोडून आणलेलं, कुणी तंबू ठोकलेला. लोक ओल्या अंगाने, अनवाणी दुकानात शिरत. "आपल्याकडं अनवाणी देवाला जात्यात, हे पाव आणायला चाललेत," हे म्हणाले. बागेत विजेच्या शेगड्या होत्या, कुणीही यावं, बटण दाबावं, भाजून खावं. मी मुद्दाम एका कुटुंबावर नजर ठेवून बसले. खाणं झाल्यावर त्या घरातल्या बाप्याने शेगडी घासूनपुसून लख्ख केली, आणि मगच पुढच्यांना हाताने या म्हणून खुणावलं. आमच्या घरात बाप्यामाणसाने शेगडी पुसलेली मी अजून बघायची आहे.

समुद्राजवळच नळाचे फवारे होते, पायांची वाळू धुवायला. गोड पाणी, फुकट, आणि कुणी नळ उघडा टाकून गेलेलं दिसलं नाही. कुंपणाकुंपणावर निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद. देवपूजेला म्हणून हे पहाटे चार फुलं तोडून आणतील या भीतीने लेक यांच्याआधी उठायची. मला ते गाव आवडत होतं, खोटं कशाला सांगू? आणि आवडतंय याचाच राग येत होता.

यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं. "सुट्टीला आलेलं माणूस गोडच असतं. जत्रंवरून गाव वळखू नये."

त्या वर्षी संक्रांत रविवारी आली. संक्रांतीला गंगेवर स्नान करायचं, हा यांचा आयुष्यभराचा नेम. गंगा म्हणजे आमची गोदावरी, नाशिकचं माणूस तिला गंगाच म्हणतं. लग्नाआधी हे आणि यांचे मित्र पर्वणीच्या दिवसांत घाटावर बसून राहायचे, आणि बाहेरगावचं कुणी पाण्यात गटांगळ्या खायला लागलं की उडी टाकायचे. किती जणांना काढलं ते हे कधी सांगत नाहीत, सासूबाई सांगायच्या. तेव्हा पोहण्याच्या बाबतीत यांना कुणी काही शिकवायचं नाही. इथं गंगा नाही तर समुद्र, पण स्नान होणार म्हणजे होणार.

सकाळी मी तिळाच्या लाडवांचा डबा घेतला, यांनी पंचा घेतला. किनाऱ्यावर गर्दी उसळलेली. आम्हाला उतरवून लेक गाडी लावायला जागा शोधत गेली. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत पाण्यात जाऊ नका." यांनी मान डोलावली. ती नुसती ऐकलं म्हणून डोलावली होती, ते नंतर कळलं.

वाळूत दोन झेंडे रोवलेले होते, निम्मा लाल निम्मा पिवळा असा प्रत्येक. त्यांच्यामधल्या पाण्यात माणसंच माणसं, बायका, लेकरं. झेंड्यापाशी त्याच रंगांच्या टोप्या घातलेली चार माणसं उभी. यांनी ते बघितलं आणि माझा हात धरून मला बाजूला ओढलं. "इकडं नको. झेंडं लागल्यात. कुणाचा तरी मान दिसतोय."

मला ते पटलं, हीच तर गंमत! कुंभमेळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही बघितलेलं की आखाड्याचं निशाण लागलं, की त्या घाटावर साधूंचं स्नान आटोपेपर्यंत संसारी माणसाने उतरायचं नाही. दुसऱ्याच्या मानाच्या जागी घुसणं म्हणजे अडाणीपणा. म्हणून आम्ही शहाण्यासारखे झेंड्यांपासून चांगले लांब गेलो. तिथं पाणीही शांत होतं. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, मधला पट्टा मात्र गुमान पडलेला. "बघ, हितं किती निवांत," असं म्हणून हे पंचा नेसून उतरले.

यांनी तीन बुड्या मारल्या. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ओंजळ भरली आणि दोन्ही हात वर करून सूर्याला अर्घ्य दिलं. मी काठावरून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा हे मघापेक्षा लांब होते. मला वाटलं, चालत गेले असतील. पुन्हा बघितलं तर फक्त डोकं दिसत होतं, आणि दोन्ही हात पुन्हा वर. पहिल्यांदा अर्घ्य होतं हे नक्की. दुसऱ्यांदा काय होतं ते हे आजही सांगत नाहीत.

मी पाण्याच्या कडेने धावायला लागले, डबा छातीशी धरून. तेवढ्यात झेंड्यापाशी शिट्टी वाजली आणि टोपीवाल्यांतली एक पोरगी लांब फळी घेऊन माझ्या बाजूने सुसाट गेली. पाण्यात फळी टाकली, पालथी पडली आणि हाताने पाणी मारत निघाली. माझ्या लेकीच्याच वयाची असेल. कुठून तरी एक पिकल्या केसांची बाई आली आणि तिने माझा हात घट्ट धरला. तिचं बोलणं मला कळत नव्हतं, माझं रडणं तिला कळत होतं. ती हात सोडेचना.

हे परत आले ते फळीवर पालथे पडून, मागून ती पोरगी पाणी मारतेय. पंचा जागेवर होता, देवाची कृपा. यांच्या अंगावर कुणी टॉवेल टाकला, कुणी पाणी दिलं. लेक धावत आली ती रडत, आणि मग बापाला रागावत. त्या पोरीने मात्र शब्दाने टोचलं नाही. वाळूत काडीने रेघा ओढून तिने दाखवलं की शांत दिसतं तिथंच पाणी आत ओढतं, आणि झेंड्यांमधली जागा सगळ्यांसाठी असते, तिथं ही टोपीवाली माणसं पहाऱ्याला असतात. नदीच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? मग लेकीने झेंड्यांच्या मानाची गोष्ट तिला सांगितली. ती आधी हसली, मग यांच्याकडे बघून तिने मान लववली.

"हिला पगार किती?" यांनी लेकीला विचारलं.

"पगार नाही आबा. ही शाळेत शिकवते. रविवारी पाळी लावून येतात, गावातलेच सगळे. मी पण नाव घातलंय, पोहणं पक्कं झालं की पाळी लागेल."

मी डबा उघडला आणि त्या पोरीच्या हातावर लाडू ठेवला, त्या पिकल्या केसांच्या बाईलाही दिला. तिळगूळ घ्या, गोड बोला, मी म्हणाले. दोघींनी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

लेक गाडी आणायला गेल्यावर हे नळाखाली पाय धुवत उभे होते. बराच वेळ धुवत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आम्ही घाटावर कुणाला काढलं, तर तू कुणाचा कोण असं कधी इचारलं नाय. हिनं बी नाय इचारलं." पाय बदलून म्हणाले, "राहू दे पोरीला. हाय इथं माणूस."

ज्या नकारावर मी विसंबून होते तो नकार नळाच्या पाण्यासारखा माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेला. मला राग आला, रडू आलं, आणि यांचं म्हणणं खरं आहे हेही कळत होतं. मी विचारलं, "अहो, तिच्या अडीअडचणीला माणूस आहे. आणि आपल्या?"

यांनी नळ बंद केला. नीट, थेंब गळेना तोवर पिळून बंद केला.

"तिच्यापुरतं बघायला आलो होतो," हे म्हणाले. "आपलं घरी जाऊन बघू."

लांबून लेक गाडीतून हात करत होती. आम्ही दोघांनीही हात वर केले.